बाथरूममधील बुरशी दरवर्षी परत का येते: नाशिकच्या एका घरातील तपास आणि उपाय

आमचे घर इंदिरानगरमध्ये तिसऱ्या, म्हणजे इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आहे. त्यातील पाच बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये गेली चार वर्षे दोन ठिकाणी बुरशी येत होती: छताच्या बाहेरील कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा पट्टा, आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या बेडरूममध्ये, कपाटाच्या मागे, जमिनीपासून दीड फूट उंचीपर्यंत करडी-हिरवट साय. दोन्ही जागा घासून, धुऊन, त्यांवर रंग मारून झाला. दोन-तीन महिने भिंत स्वच्छ दिसे आणि मग त्याच जागी, जवळजवळ त्याच आकारात, डाग पुन्हा उमटत. दोन्ही ठिकाणची बुरशी एकाच कारणाने येते असे मी धरून चाललो होतो आणि चार वर्षे वाया जाण्याचे मुख्य कारण तेच होते.

त्या काळात काय काय केले ते सांगितले पाहिजे, कारण बहुतेक घरांत हेच केले जाते. पहिल्या वर्षी सफाईसाठी आलेल्या माणसाने ॲसिडने फरशा घासून दिल्या. फरशा चकचकीत झाल्या, परंतु टाइल्समधील सांधे सिमेंटचे असतात आणि ॲसिड सिमेंट खाते. त्यामुळे सांधे खरबरीत झाले, त्यांत साबणाचा मळ अधिक बसू लागला आणि पाणीही अधिक मुरू लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या रंगकामात कोपरा खरवडून वर डिस्टेंपर मारला. चार महिन्यांच्या पावसाने भिंती ओलसर झालेल्या असतात, त्याच वेळी आपण त्यांवर रंगाचा थर चढवतो आणि ती ओल आत कोंडून ठेवतो, हे तेव्हा लक्षात आले नाही. आमच्या घरी आता बाथरूमपुरता रंग होळीनंतर लावला जातो, आणि त्यावर पाहुण्यांनी केलेली टीका आम्ही ऐकून घेतो.

तपासाची दिशा बदलली ती माझ्या साडूंमुळे. त्यांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. मुक्कामाला आले असताना त्यांनी कोपरा पाहिला आणि विचारले, "भाऊसाहेब, ही भिंत दिवसातून किती तास ओली राहते? आम्ही डाऊनीचं औषध मारण्याआधी पान किती तास ओलं होतं ते बघतो. पान वाळत असेल तर निम्मी फवारणी वाचते." डाऊनी हा द्राक्षाच्या पानांवर येणारा रोग. तो शास्त्रीय अर्थाने खऱ्या बुरशीमुळे होत नाही, तरी त्यामुळे त्यांच्या प्रश्नात काही फरक पडत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि घरातून ते पूर्णपणे हटवणे कोणालाही शक्य नाही. साबणाचा मळ, धूळ, रंगातील सेंद्रिय घटक हे त्यांचे अन्नही घरात कायम असते. आपल्या हातात उरते ते केवळ पाणी. पृष्ठभाग ओला झाल्यापासून एक-दोन दिवस तसाच राहिला तर बुरशीची वाढ सुरू होऊ शकते. रोज काही तास तो पूर्ण कोरडा होत असेल तर तिला जम बसवणे कठीण जाते.

मी एक स्वस्त आर्द्रतामापक आणून बाथरूमच्या दाराजवळ टांगला आणि डिसेंबरमध्ये आठवडाभर नोंद ठेवली. घरातील चौघांच्या आंघोळी सहा ते साडेआठच्या दरम्यान एकापाठोपाठ होतात. छताच्या कोपऱ्यावर बोट फिरवले तर दुपारी दोन वाजेपर्यंत ओल लागत होती आणि संध्याकाळी कपडे धुतल्यावर ती पुन्हा येत होती. म्हणजे चोवीस तासांपैकी बारा-तेरा तास तो कोपरा ओलाच होता. उलट, बेडरूममधील डाग आंघोळ झाली काय आणि न झाली काय, सकाळी, दुपारी, रात्री सारखाच दमट लागत होता. दोन डागांची वागणूक वेगळी होती, म्हणून त्यांचे पाणीही वेगळे असणार असा तर्क निघाला.

पाणी कोणते, हे डागावरून ओळखणे

बाथरूमच्या परिसरातील बुरशीमागे साधारणपणे तीन प्रकारचे पाणी असते: आंघोळीच्या वाफेचे दव, फरशीतून किंवा ड्रेनेजमधून पाझरणारे पाणी, आणि भिंतीत बुजवलेल्या पाइपातून किंवा गच्चीतून येणारी गळती. डागाची जागा, त्याचे रूप आणि तो कोणत्या महिन्यात वाढतो, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर बराच उलगडा होतो.

दवामुळे येणारी बुरशी वर येते: छत, छताचे कोपरे, खिडकीची चौकट, बाहेरच्या बाजूची भिंत. ती सुट्या काळ्या ठिपक्यांची असते, तिच्या खाली रंग बहुधा शाबूत असतो आणि नाशिकमध्ये ती पावसाळ्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, थंडीत वाढते. गच्चीची गळती असेल तर डागाला पिवळसर-तपकिरी कडा असतात, पाण्याचा ओघळ आल्यासारखी वळणे दिसतात आणि जोराचा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांत डाग मोठा होतो. आमच्या डोक्यावर थेट गच्ची असल्यामुळे मिस्त्रीने पाहताक्षणी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च सांगितला होता. परंतु आमचा डाग जुलैमध्ये स्थिर होता आणि डिसेंबरमध्ये पसरत होता, आणि डिसेंबरमध्ये येथे पाऊस नसतो.

पाझराची ओल बहुधा खालून वर चढते. रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा भुसभुशीत होतो आणि अनेकदा पांढरी पूड दिसते. ही पूड बुरशी नव्हे, तो लोणा आहे, म्हणजे पाण्यासोबत भिंतीतून बाहेर आलेले क्षार. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की तो बहुतेक विरघळतो, बुरशी विरघळत नाही. बादली, मग आणि नळाच्या बुडाशी येणारा गुलाबी बुळबुळीत थरही बुरशी नसतो. तो सहसा सेरेशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूचा असतो आणि साबणाने नियमित घासून, भांडे कोरडे ठेवून आवरतो.

काळा रंग दिसला की "विषारी काळी बुरशी" असे संदेश व्हॉट्सॲपवर पुढे ढकलले जातात, त्याविषयीही थोडे. बाथरूममधील काळे ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस किंवा ऑरिओबॅसिडियम यांसारख्या सर्वसाधारण बुरशींचे असतात आणि केवळ रंगावरून जात ठरवता येत नाही. तथापि घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल, तान्हे मूल असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, तर कोणतीही बुरशी त्रासदायक ठरू शकते आणि सफाईचे काम त्या व्यक्तीने करू नये.

खात्री करण्यासाठी फॉइलची चाचणी सोपी आहे. डाग स्वच्छ पुसून, जागा वरून कोरडी होऊ द्यावी. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा सुमारे ३० सेंटिमीटरचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि २४ ते ४८ तास तसाच ठेवावा. खोलीकडील बाजूवर पाण्याचे थेंब दिसले तर ते हवेतील दव आहे. फॉइल काढल्यावर भिंतीकडील बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीच्या आतून येत आहे. आमच्या कोपऱ्यातील फॉइल समोरून घामेजल्यासारखे झाले होते आणि मागून कोरडे होते. कपाटामागील फॉइल नेमके उलटे निघाले.

पहिला दोष: थंडीतील दव

नाशिकची थंडी मुंबई-ठाण्याकडच्या पाहुण्यांना कौतुकाची वाटते आणि निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, परंतु बाथरूमसाठी ती अडचणीची आहे. गच्चीचा स्लॅब रात्रभर उघड्या आकाशाखाली गार होतो आणि पहाटे छताचा कोपरा, ज्याच्या दोन-तीन बाजू बाहेरच्या हवेला लागून असतात, घरातील सर्वांत थंड जागा असते. तेथे वाराही फारसा पोहोचत नाही. २५ अंश तापमानाची वाफेने भरलेली हवा प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी धरून ठेवते, तर १५ अंशांची हवा सुमारे १३ ग्रॅमच धरू शकते. आमच्या बाथरूमची जागा साधारण १० घनमीटर आहे, म्हणजे ती हवा थंड भिंतींना लागून गार होताना अर्धा पेला पाणी भिंतींवर सोडू शकते आणि कढत पाण्याच्या बादलीतून तेवढीच वाफ पुन्हा भरून येत राहते.

यावर उपाय म्हणून आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन होता आणि तो रोज चालूही असे, म्हणून वाफेचा संशय मला आला नव्हता. फॅन चालतो की फक्त फिरतो, हे पाहण्यासाठी वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा त्याच्या जाळीसमोर धरला. दार बंद असताना तुकडा नुसता थरथरला आणि खाली पडला. दार दोन बोटे उघडले, तेव्हा तोच तुकडा जाळीला जाऊन चिकटला. झुरळे येऊ नयेत म्हणून दाराखाली आम्ही रबराची पट्टी लावली होती आणि गार वारा लागतो म्हणून आईने दिवाळीनंतर खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर प्लास्टिक बांधले होते. फॅनला बाहेर टाकण्यासाठी हवाच आत येत नव्हती. त्यातच बाहेरच्या बाजूची झाकणे धूळ आणि पारव्यांच्या पिसांनी अर्धी अडकलेली होती.

दुरुस्ती किरकोळ होती. रबराची पट्टी काढली आणि दाराच्या तळाशी सुमारे दोन सेंटिमीटर फट ठेवून तिला बारीक जाळी लावली. झाकणे साफ केली. एवढ्या बाथरूमसाठी तासाला शंभर घनमीटर हवा बाहेर फेकली तरी पुरते आणि सहा इंची फॅनची क्षमता सहसा त्याहून अधिक असते, त्यामुळे नवा फॅन घ्यावा लागला नाही. आंघोळ सुरू करतानाच फॅन लावायचा आणि शेवटच्या आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवायचा असे ठरले. आईची तक्रार रास्त होती, म्हणून आंघोळीच्या वेळी खिडकी बंद आणि नंतर दिवसभर उघडी अशी तडजोड झाली. बादलीत आधी गार पाणी घेऊन मग गरम सोडले तर वाफ कमी होते, हेही तिनेच सुचवले. आता कोपरा साडेदहापर्यंत कोरडा होतो.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. थंडीत बाहेरची हवा कोरडी असते, त्यामुळे फॅन आणि खिडकी भराभर काम करतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते आणि ती आत घेऊन भिंत वाळत नाही. त्या महिन्यांत पाणी हाताने काढणे हाच खरा उपाय आहे. शेवटी आंघोळ करणाऱ्याने भिंतीच्या टाइल्सवर वरून खाली आणि मग फरशीवर वायपर ओढायचा, ओले टॉवेल व पायपुसणे बाथरूममध्ये ठेवायचे नाही, आणि झड लागली असेल तर बेडरूमचा साधा टेबलफॅन दाराबाहेर, कोरड्या जागी ठेवून त्याचा झोत तासभर आत सोडायचा. एप्रिल-मेमध्ये काहीच करावे लागत नाही. उन्हाळ्यात बुरशी दिसेनाशी झाली म्हणजे ती मेली असे मात्र नव्हे, ती वाळून सुप्त पडलेली असते. मे महिन्यात केलेला प्रत्येक उपाय यशस्वी वाटतो, आणि आमचीही एकदा अशीच फसवणूक झाली होती.

दुसरा दोष: नहाणी ट्रॅप

कपाटामागील ओल भिंतीतून येत होती, म्हणून आधी पुरवठ्याचा पाइप आणि ड्रेनेज यांपैकी दोष कोणात आहे ते पाहायचे होते. पुरवठ्याच्या पाइपात पाण्याचा दाब सतत असतो, त्यामुळे बाथरूम वापरले नाही तरी तो गळत राहतो. ड्रेनेज मात्र वापर झाला तरच गळते. सर्वजण चार दिवस गावी गेलो असताना मुख्य कॉक उघडा ठेवूनही ओल स्पष्टपणे कमी झाली. दोष फरशीकडे होता.

त्यानंतर पाणी भरून ठेवण्याची चाचणी केली. नहाणी ट्रॅप म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालचे भांडे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा त्याच्या तोंडात घट्ट बसवला, फरशीवर दीड इंच पाणी भरले आणि टाइलवर पेन्सिलने खूण केली. चोवीस तासांत बाष्पीभवनाने एक-दोन मिलिमीटर घट होणे समजू शकते, आमचे पाणी बोटभर उतरले होते. मग ट्रॅपच्या भोवती चिकणमातीचा बांध घालून तो भाग कोरडा ठेवला आणि बाकीच्या फरशीवर पुन्हा पाणी भरले. या वेळी खूण हलली नाही. जाळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा ट्रॅपची कड आणि भोवतालचे सिमेंट यांच्यात फट दिसली. आगपेटीची काडी तिच्यात निम्मी आत गेली. जाळीखाली असल्यामुळे ही फट वरून कधीच दिसत नव्हती आणि तिच्यातून गेलेले पाणी फरशीखालच्या कोब्यात मुरून भिंतीच्या विटांमध्ये चढत होते.

दोन मिस्त्रींनी संपूर्ण बाथरूम फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग करण्याचा सल्ला दिला. फरशीच्या अनेक भागांतून पाणी उतरत असते तर तो योग्य ठरला असता. तिसऱ्याने चाचणीचा निकाल ऐकून घेतला आणि ट्रॅपभोवतीच्या चारच टाइल्स काढल्या. फट मोकळी करून, साफ करून, आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी आणि सांधे भरण्याच्या मिश्रणाने भरली, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि टाइल्स परत बसवल्या. बाकीचे सांधे दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून इपॉक्सी ग्राउटने भरले. ते भरताना सांधे पूर्ण कोरडे हवेत आणि नंतर किमान चोवीस तास पाणी लागता कामा नये, म्हणून त्या दिवशी आंघोळी शेजाऱ्यांकडे झाल्या.

गळती थांबली तरी भिंत लगेच वाळत नाही. विटांतले पाणी निघायला आमच्याकडे अडीच महिने लागले. तोपर्यंत पोपडे आणि भुसभुशीत गिलावा काढून भिंत उघडी ठेवली, कपाट अर्धा फूट पुढे ओढले आणि फॉइलची चाचणी कोरडी निघाल्यावरच गिलावा, बुरशीरोधक प्राइमर आणि रंग केला. पाणी वरच्या फ्लॅटमधून येत असेल तर हीच चाचणी त्यांच्या बाथरूममध्ये करावी लागते आणि त्यासाठी भांडणापेक्षा चहा उपयोगी पडतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचे पाणी गळून शेवटच्या मजल्याच्या छताचे जे नुकसान होते, त्याची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. संडास-बाथरूममधील अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाकडे येतो.

सफाई

सफाईचा भाग शेवटी लिहिला आहे, कारण पाणी थांबण्यापूर्वी केलेली सफाई काही आठवड्यांपुरतीच टिकते. सुकी बुरशी घासू नये, बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने ती भिजवून, पुसून काढावी. मळ राहिला तर ब्लीच त्या मळावरच खर्च होते. टाइल्स आणि इतर गुळगुळीत पृष्ठभागांसाठी, ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के असे लिहिलेले असेल तर एक लिटर गार पाण्यात सुमारे १०० मिलिलिटर मिसळून लावावे, दहा मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. द्रावण रोज ताजे करावे, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा, खिडकी उघडी असावी. स्विचबोर्ड किंवा गीझर जवळ असेल तर मेन स्विच आधी बंद करावा.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र येऊ देऊ नयेत. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि दोन्ही मिसळताच क्लोरीन वायू सुटतो, जो लहान बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियायुक्त काचेचा क्लीनर मिसळणेही तितकेच चुकीचे आहे. एकाच दिवशी दोन्ही वापरू नयेत, हा आमच्या घरचा नियम आहे आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही तो समजावून सांगितला आहे.

गिलाव्यावर किंवा रंगावर ब्लीचचा फारसा उपयोग नाही. वरचा डाग पांढरा होतो आणि आतील धागे जिवंत राहतात, शिवाय द्रावणातील पाणी आत मुरते ते वेगळेच. तेथे डाग ओला करून खरवडणे, वाळवणे आणि बुरशीरोधक प्राइमर लावणे हाच मार्ग आहे. जुन्या नाशकातील वाड्यांत न्हाणीघराला दरवर्षी चुना लावत असत. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही. छताच्या कोपऱ्यासाठी तो आजही वाईट पर्याय नाही, फक्त डिस्टेंपरच्या थरावर तो टिकत नाही, त्यामुळे जुना रंग पूर्ण काढावा लागतो.

बोअरच्या जड पाण्यामुळे टाइल्सवर क्षार आणि साबण यांचा पांढरट थर बसतो. तो खरबरीत असल्यामुळे बुरशीला धरायला जागा मिळते. यासाठी ॲसिडऐवजी रोजचा वायपर आणि पंधरवड्यातून एकदा धुण्याचा सोडा पुरतो. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर आणि लिंबूही लावू नये, दगडावर डाग पडतात.

या वर्षीचा डिसेंबर आणि जानेवारी छताच्या कोपऱ्यात एकही ठिपका न येता गेला आणि कपाटामागची भिंत कोरडी आहे. वॉशबेसिनच्या कडेला असलेली सिलिकॉनची पट्टी मात्र अजून काळी पडते. बुरशी सिलिकॉनच्या आत शिरली की ती कशानेही निघत नाही, पट्टी कापून काढावी लागते. मार्चमध्ये जुनी पट्टी काढून, जागा दोन दिवस वाळवून, बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन भरायचे आहे. नळी आणून ठेवली आहे.